अमेरिकेत शनिवारच्या लोकल रेससाठी स्ट्रीट स्टॉक गाडी बांधायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शार्लटजवळ राहता, घरी दोन गाड्यांचं गॅरेज आहे, वेल्डिंग शिकताय. हिकरी किंवा बोमन ग्रेसारख्या ट्रॅकवर शनिवारी उतरवता येईल अशी स्ट्रीट स्टॉक (रस्त्यावरच्या जुन्या गाडीवरून केलेली रेसची) गाडी स्वतः बांधायची आहे. त्यासाठी एक जुनी माँटे कार्लो (शेवरलेची गाडी) आणि नवं 602 क्रेट इंजिन (कारखान्यातून तयार, पेटीबंद येणारं) आत्ताच घेऊन ठेवावं का?

इंजिन घेऊ नका. माँटे कार्लोही नको. पहिली गाडी बांधलेली विकत घ्या, दुसरी बांधा. तयार गाडीचे जेवढे पैसे पडतात तेवढे नुसत्या केज (ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा), सीट, फ्युएल सेल (रेसची सुरक्षित इंधन टाकी), चाकं आणि बेल्ट यांत जातात, आणि गाडी तरीही अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. शिवाय तयार गाडी एक मोसम चालवली की काय कसं बांधायला हवं होतं ते आपोआप कळतं.

त्याआधी ट्रॅक ठरवा. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, इथे नियम बदलतात. 'स्ट्रीट स्टॉक' हे नाव सगळीकडे तेच. पण कुठे 602 चालतं, कुठे जुनं 350 क्युबिक इंचाचं इंजिन लागतं. टायर, कार्ब्युरेटर, किमान वजन, जमिनीपासूनची उंची सगळं वेगळं. बोमन ग्रे म्हणजे फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक. हिकरी साधारण 0.36 मैलाचा, कलत्या वळणांचा. एकीकडची गाडी दुसरीकडे तशीच नेली तर तपासणीतच अडकेल, किंवा उतरेल आणि वळणार नाही. ज्या वर्षी उतरायचं त्याच वर्षाचे नियम मिळवा आणि भिंतीला लावा. नियमात जे लिहिलेलं नाही ते चालत नाही, असंच धरून चला.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बहुतेक वेळा 'मेट्रिक' चासी (गाडीचा सांगाडा) समोर येईल. 1978 ते 1988 मधल्या जीएमच्या (जनरल मोटर्स) मागच्या चाकांवर चालणाऱ्या मध्यम गाड्या: मालिबू, माँटे कार्लो, रीगल, कटलस, ग्रां प्री. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 108 इंच, पूर्ण फ्रेम, सुटे भाग मुबलक. रंग आणि स्टिकर बघू नका, खाली झोपा. मागच्या अ‍ॅक्सलवर फ्रेम जिथे वर चढते तिथे गंज आणि जुने वेल्ड तपासा. मग टेप घेऊन पुढचा खालचा बॉल जॉइंट (पुढच्या चाकाचा गोल सांधा) ते मागचा अ‍ॅक्सल हे अंतर दोन्ही बाजूंना मोजा, आणि फ्रेमचे कर्णही. फरक दिसला तर तो मुद्दाम ठेवलाय की भिंतीने दिलाय, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर निघा.

मूळ 7.5 इंची, दहा बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल असेल तर त्यात शाफ्ट आत एका छोट्या सी-क्लिपवर धरलेला असतो. शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर. नियम परवानगी देत असतील तर फोर्डचा 9 इंची अ‍ॅक्सल बसवलेली गाडीच शोधा. त्याचे गिअर बदलणंही सोपं.

केजबद्दल काटकसर नाही. 1.75 इंच बाहेरचा व्यास आणि 0.095 इंच जाडी हे नळीचं नेहमीचं माप. प्लंबिंगचा गॅल्व्हनाइज्ड पाइप कधीच नको: तो रोल केजसाठी बनलेला नसतो, आणि जस्त वेल्डमध्ये मिसळून जोड कमकुवत करतं, धूर विषारी तो वेगळाच. ड्रायव्हरच्या दारात बाहेरच्या बाजूला कमान दिलेले चार आडवे बार, त्यांवर 1/8 इंची पत्रा. तुम्ही अजून शिकताय, म्हणून स्पष्ट सांगतो: कंस आणि टॅब तुम्ही जोडा, केज जाणत्याकडून जोडून घ्या. सीट केजला बोल्ट करायची, फ्लोअरच्या पत्र्याला नाही. धडकेत पत्रा फाटतो आणि सीट पुढे जाते. खांद्याचे पट्टे मागे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली बांधा. फार खाली बांधले तर धडकेत ते मणक्याला खाली दाबतात. बेल्टवरची तारीख बघा, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांपुढचे चालत नाहीत. हेल्मेट, फायरसूट आणि मानेचा आधार सेकंडहँड घेऊ नका.

आता मुख्य भाग, आणि नवखे नेमका इथेच कंटाळा करतात: वजन. गाडी फक्त डावीकडे वळणार आहे, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखी नसतेच. समजा ड्रायव्हरसह गाडी 3200 पौंड. चार चाकांखालच्या चार वजनकाट्यांवर डावं पुढचं 900, उजवं पुढचं 800, डावं मागचं 860, उजवं मागचं 640. डावी बाजू 1760, म्हणजे 55 टक्के. कमाल मर्यादा नियमात दिलेली असते. उजवं पुढचं अधिक डावं मागचं 1660, म्हणजे 51.9 टक्के. हा क्रॉस, किंवा वेज. स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट (स्प्रिंग वर-खाली करणारा) फिरवून फक्त क्रॉस बदलतो. डावीकडचे किंवा मागचे टक्के हवे असतील तर शिसं (गाडीत वजनासाठी बांधलेले तुकडे) हलवावं लागतं, बोल्टने काही होत नाही. शिसं पांढरं रंगवा, त्यावर गाडीचा नंबर लिहा आणि प्रत्येक तुकडा दोन जाड बोल्टनी बांधा.

वजन करताना फरशी समपातळीत, टायरमध्ये रेसची हवा, अर्धी टाकी, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची पोती, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) सुटा, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी दाबून हलवून बसवायची. यातलं एकही चुकलं की आकडे खोटे.

दुसरी गोष्ट स्टॅगर, म्हणजे डाव्या-उजव्या टायरच्या घेरातला फरक. मळणीच्या खळ्यात तिवड्याजवळचा बैल जवळपास जागच्या जागी फिरतो, कडेच्याला पळावं लागतं. इथे मागची दोन्ही चाकं एकाच लॉक केलेल्या अ‍ॅक्सलवर, त्यामुळे वेग वेगळा करता येत नाही. म्हणून उजव्या टायरचा घेरच मोठा ठेवायचा. हिशेब सोपा: टायरचा घेर 85 इंच, दोन चाकांमधलं अंतर 5 फूट, वळणाची त्रिज्या 150 फूट धरली तर 85 × 5 ÷ 150, म्हणजे सुमारे 2.8 इंच. एकाच मापाचे बायस-प्लाय (तिरप्या थरांचे) टायरसुद्धा घेराला सारखे निघत नाहीत आणि गरम झाल्यावर वाढतात, म्हणून गाडी आत आली की दर वेळी टेप लावा.

अलाइनमेंटमध्ये उजव्या पुढच्या चाकाला ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला), डाव्याला धन (बाहेर). उजवीकडे कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल) जास्त म्हणजे गाडी स्वतःच डावीकडे ओढते. टो-आउट (पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर) 1/8 इंच.

चालवून आलेला ड्रायव्हर 'लूज आहे' (मागचं टोक निसटतंय) म्हणाला तर लगेच विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा गाडी मुळात टाइट असते. ती वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग जास्त पिळतो, पुढचे टायर एकदम पकडतात आणि मागचं फेकलं जातं. अशा वेळी लूज समजून क्रॉस वाढवला की गाडी आणखी टाइट होते आणि दुखणं वाढतं. कुणाला तरी बाहेर उभं करून वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग किती फिरलंय ते बघायला सांगा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

इंजिन आता. 602 हे 350 क्युबिक इंचाचं, सुमारे 350 अश्वशक्तीचं, सील केलेलं इंजिन. सील तोडलं की नियमांतून बाद, म्हणून जुनं घेताना सीलचे बोल्ट आधी बघा. सतत डावीकडे वळताना तेल उजवीकडे चढतं, पंपाला हवा मिळते आणि बेअरिंग जळतात. बॅफल (तेल एका बाजूला जाऊ न देणारे आडपडदे) असलेला ऑइल पॅन हवाच, आणि प्रेशरचा मोठा दिवा डोळ्यांसमोर. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी. कूलंट ट्रॅकवर सांडलं तर निसरडं होतं, बहुतेक ट्रॅक ते चालू देत नाहीत. हिवाळ्यात मात्र ते पाणी काढायला विसरू नका, ब्लॉक फुटतो. गिअर (मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर) ठरवायचा हिशेब: वेग × गिअर × 336 ÷ टायरचा व्यास. सरळ रस्त्याच्या टोकाला ताशी 80 मैल, गिअर 5.83, व्यास 27 इंच, तर सुमारे 5800 आरपीएम. 6.00 घातला तर 5970 च्या आसपास. शेजारच्याचा गिअर विचारण्याआधी हे करून बघा, कारण त्याचा टायर आणि वळणातून बाहेर पडतानाचा वेग तुमचा नसतो.

सरावाच्या दिवशी पहिल्या दहा फेऱ्यांनंतर गाडी आत आणा, चाकांचे लग नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि उजवं पुढचं चाक वर उचलून हातांनी हलवून बघा. सगळ्यात जास्त भार त्याच बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर येतो. जरा जरी खडखडलं, तर त्या दिवशी रेस नाही.