कॅनडातल्या छोट्या गावातल्या कर्लिंग रिंकमध्ये ओळख नसताना जाता येतं का?

हो, बिनधास्त जा. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत समोरच्या वर्तुळांत थांबवायचा खेळ, आणि रिंक म्हणजे तो खेळायची जागा. तुम्ही विचारलंय की ओळख नाही, खेळही येत नाही, मग आत घेतील का? मला घेतलं, आणि तेही हौसेनं.

फेब्रुवारीत मी सास्काटूनला मावसभावाकडे होते. एका शनिवारी आम्ही गाडीनं पश्चिमेकडे निघालो. वाटेत बिगर नावाचं गाव लागतं. १९९८ साली नागानो ऑलिंपिकमध्ये महिला कर्लिंगचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कप्तान सँड्रा श्मर्लर याच गावात वाढली. त्याच्या पुढच्या एका खेड्यात आम्ही थांबलो. बाहेरून रिंक धान्याच्या गोदामासारखी दिसत होती. आत काचेमागे टेबलं, कॉफी, सूप आणि काचेपलीकडे बर्फाच्या तीन लांब पट्ट्या.

काचेमागून खेळ संथ वाटतो. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला खाली नेलं आणि मग तो आवाज ऐकू आला, अगदी जात्याच्या घरघरीसारखा. दगड ग्रॅनाइटचा, सतरा ते वीस किलोंच्या दरम्यानचा. तो गुळगुळीत बर्फावर घसरत असेल असं मी धरून चालले होते. पण खेळाआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून बारीक पुरळासारखे उंचवटे होतात. दगडाचा तळ मधे खोलगट असतो, त्यामुळे फक्त एक अरुंद कडं त्या उंचवट्यांवरून जातं. कॅरमच्या बोर्डावर आपण पावडर टाकतो, तसंच हे घर्षण कमी करण्यासाठी. दगडाच्या पुढे दोघं बर्फावर ब्रश घासत धावतात, त्यानं दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो.

सामना संपल्यावर आजोबांनी मला दगड सोडायला दिला. ते एकच सांगत होते: हातानं ढकलू नकोस, पायानं रेटा दे आणि सोडताना दगडाची मूठ हलकेच फिरव. पहिला दगड मधेच थांबला. दुसरा वर्तुळांच्या पार गेला. वीस किलोंचं धूड पंचेचाळीस मीटरच्या पट्टीवर नेमकं हवं तिथे थांबवायला ताकद नाही, आवर लागतो, हे तेव्हा हाताला कळलं. स्क्रीनवर पाहून ते कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र पाळा. बर्फावर उतरायचं असेल तर स्वच्छ, कोरडे बूट वेगळे न्या. बाहेरच्या बुटांची वाळू त्या पृष्ठभागाचं फार नुकसान करते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. संध्याकाळी जा, तेव्हा गावातली लीग चालू असते. सामना झाला की लगेच निघू नका. दोन्ही संघ हात मिळवतात आणि मग जिंकलेले हरलेल्यांना काहीतरी पाजतात, एकाच टेबलावर बसून. आम्हालाही त्याच टेबलावर बोलावलं, कॉफी आली, आणि आजोबांनी मीठदाणी दगड समजून पुन्हा मूठ कशी फिरवायची ते दाखवलं.