एचआयव्ही आहे, सिफिलिसचं इंजेक्शन घेतलं, तरी वर्षाने व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) १:४ येते. उपचार फसला का?

बहुधा नाही; उपचाराच्या दिवशी आकडा किती होता, त्यावर ते ठरतं. यात १ च्या पुढची संख्या जितकी लहान, तितका आकडा कमी. समजा १:३२ होता, तर १:८ किंवा त्याखाली येणं म्हणजे चौपट घट, औषध लागू पडलं. त्यानंतर १:२, १:४ वर आकडा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो, एचआयव्ही असलेल्यांत तर जास्तच. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते, तिच्यावरून काही ठरवू नका. १:४ चे १:१६ झाले तर मात्र पुन्हा संसर्ग झाला किंवा उपचार अपुरा पडला. जोडीदाराचीही तपासणी हवीच. घोळ बहुतेकदा लॅब बदलल्याने होतो: एकदा व्हीडीआरएल, पुढच्या वेळी आरपीआर ही तशीच दुसरी चाचणी. हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. तीच चाचणी, तीच लॅब, उपचारानंतर ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी.

पण नजर अंधुक झाली, ऐकू कमी येऊ लागलं किंवा डोकं सतत दुखत असेल तर आकडा कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा; सिफिलिस मेंदू, डोळे किंवा कानापर्यंत पोचलेला असू शकतो. कमरेतलं बेंझाथिन पेनिसिलिन मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. तिथे शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं.