कोरकू कुणाला येते, कुणाला येत नाही

पोरी, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाळेत तुझ्यासोबत रुजू झालेले सर पोट्ट्यांशी त्यांच्या कोरकू भाषेत बोलायला लागले आणि तुझं गाडं अडलं, म्हणून खट्टू झालीस. डोकं कमी आहे असं मनातही आणू नकोस. भाषा शिकायची उपजत देणगी थोडीफार असते. १९५९ साली अमेरिकेत जॉन कॅरोल आणि स्टॅन्ली सेपन यांनी ती मोजायची चाचणीही काढली. पण मेळघाटात बदलीवर आलेली हुशार माणसं वर्षानुवर्षं हिंदीवर भागवताना मी पाहिलीत. धारणीच्या बाजारात मीठ-मिरची विकणारा, जेमतेम चौथी शिकलेला माणूस मात्र कोरकूत घासाघीस करतो. त्याचं पोट त्यावर आहे आणि गिऱ्हाईक हसलं तरी तो बोलायचं थांबत नाही.

तरी नुसतं बोलत सुटूनही भागत नाही. रिचर्ड श्मिट यांनी हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी ३ वर्षं न्याहाळलं आणि १९८३ मध्ये त्यावर लिहिलं. माणूस गप्पिष्ट, कुठेही अडायचा नाही, पण व्याकरण जवळजवळ होतं तिथेच राहिलं. समोरच्याला कळलं की त्याचं काम झालं. पुढे श्मिट यांनी मांडलं, की जे ध्यानात येत नाही ते अंगी लागत नाही.

कोरकूत हे फार नडतं. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं गोत्र जुळत नाही. आपल्याला एकवचन आणि अनेकवचन एवढंच ठाऊक. कोरकूत दोघांसाठी वेगळं रूप आहे, संस्कृतातल्या द्विवचनासारखं. आपला कान ते सरळ गाळून टाकतो. दारात दोन पोट्टे उभे असताना त्यांची आजी काय म्हणते आणि पाच जमल्यावर काय म्हणते, ते ऐक. शब्दाचा शेवट बदलतो, तो पकड. मग तसंच बोलून बघ.

वर्गात सांगून टाक, बाई चुकल्या की लगेच टोकायचं. पहिले काही दिवस कोणी टोकणार नाही, कारण मास्तर चुकत नसतो हे आपणच त्यांच्या मनात भरवलेलं असतं. एखादी धीट पोरगी टोकेल, तेव्हा तिच्यामागून तेच वाक्य पुन्हा म्हण.

आणि दर शनिवारी अमरावतीला पळतेस, ते महिनाभर बंद कर. गावातच थांब, कुणाच्या तरी चुलीपाशी भाकरी खायला बस. वही सोबत नेऊ नकोस. काय ऐकलं ते खोलीवर आल्यावर लिही आणि मला पाठव.

तुझा,
गुरुजी