मोठा मेलबॉक्स सिंक करताना सारखा 'कनेक्शन टाइमआउट' येतो, काय करावं?

३८ जीबीचं जीमेल खातं थंडरबर्डला (कॉम्प्युटरवर मेल वाचायच्या प्रोग्रॅमला) जोडलं, इनबॉक्स अर्ध्यावर येऊन टाइमआउट होतो आणि फायबर घेऊनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, दोष फायबरचा नसावा.

फोल्डर उघडताना थंडरबर्ड आधी सर्व्हरला विचारतो की यात कोणकोणते मेल आहेत, कोणते वाचलेले, कोणते नाहीत. लाख-दीड लाख मेल असले की तेवढ्या नोंदी जुळवायला सर्व्हरला वेळ लागतो आणि तोवर इकडे काहीच येत नाही. थंडरबर्ड १०० सेकंद थांबतो आणि कनेक्शन तोडतो. सर्व्हर तिकडे कामातच असतो.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर हेच झालं होतं. भरलेल्या गाड्यांचे, घडांचे फोटो रोज मेलने जायचे, कितीतरी वर्षांचे साठलेले. टाइमआउट आला की त्यांचा मुलगा खातं काढायचा आणि नव्याने जोडायचा. हे कृपा करून करू नका. उतरलेलं सगळं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खातं तसंच ठेवलं, तर तुटल्यावरही पुढच्या वेळी तो फक्त उरलेलेच मेल मागतो.

तिथे आम्ही आधी 'ऑल मेल' आवरलं. जीमेलमध्ये एकच मेल इनबॉक्समध्ये दिसतो आणि ऑल मेलमध्येही, म्हणजे सर्वांत मोठी पेटी विनाकारण मोजली जाते. ब्राउझरमधून जीमेलच्या सेटिंगमध्ये जा, 'लेबल्स'मध्ये ऑल मेलसमोरची 'शो इन आयमॅप' ही खूण काढा (आयमॅप म्हणजे थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमने सर्व्हरवरचे मेल आणायची पद्धत). मग जुने मेल तारखेने शोधून वर्षावार लेबल लावा आणि इनबॉक्समधून अर्काइव्ह करा. खरा फरक इथेच पडतो, कारण थंडरबर्डमध्ये प्रत्येक लेबल वेगळं फोल्डर म्हणून दिसतं आणि प्रत्येक फोल्डरची यादी छोटी होते. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

टाइमआउट वाढवायचा तो यानंतर. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये (आतल्या सगळ्या सेटिंगच्या यादीत) 'टीसीपीटाइमआउट' शोधलं की १०० दिसेल, ते ३०० करा. नुसतं हेच केलंत तर चूक फक्त उशिरा दिसेल. सर्व्हर सेटिंगच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एकावेळच्या कनेक्शनचा आकडा ५ असतो, तो २ वर आणा. जीमेल एका खात्याला एकावेळी १५ कनेक्शन देतं आणि त्यात तुमचा फोन, घरचा कॉम्प्युटर सगळे वाटेकरी.

आणखी एक. आयमॅपने दिवसाला २,५०० एमबीच उतरवता येतात. ते ओलांडलं की जीमेल काही काळ आयमॅप थांबवतं. तेव्हा सेटिंगशी खेळून उपयोग नाही, थांबायचं. तुमच्या ३८ जीबीला सोळा दिवस धरा. रोज रात्री एकाच वर्षाचं फोल्डर लावून ठेवा, अलीकडच्या वर्षापासून.

ऑल मेल बंद केल्यावर इनबॉक्स किती वेळात उघडतो ते इथे लिहा. तरीही तुटत असेल तर अँटिव्हायरसची मेल-तपासणी थोडा वेळ बंद करून पाहू.