‘हिला आवडच नाही’ म्हणण्याआधी किटची बॅटरी बघा

फोंडा तालुक्यातले एक आई-बाबा जुलैमध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन समुपदेशनाला आले. (ओळख कळू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी तिला ऑनलाइन मागवून एक रोबोटिक्स किट दिलं होतं. पहिले दोन दिवस ती जेवायला हाक मारली तरी उठत नव्हती. आठव्या दिवशी डबा कपाटावर गेला तो तिथेच राहिला. आता चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दुबईहून येणारा काका चाळीसेक हजारांचं किट आणतो म्हणत होता. तेही कपाटावर गेलं तर, ही आईची धास्ती. बाबांची धास्ती उलटी होती. पुढच्या वर्षी मुलगी सहावीत जाणार आणि गोव्यात केअर्स या सरकारी योजनेत शाळांमध्ये सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आहे. घरी किट नसेल तर ती मागे पडेल, असं त्यांना वाटत होतं. आणि तरीही, ‘हिला मुळात आवडच नाही’ हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

ही जोडचिंता नेहमीची आहे. महागडं घेतलं तर वाया जाईल, नाही घेतलं तर मूल मागे पडेल. दोन्हीत पालक आधी मुलाची आवड मोजायला जातात. तपासायचं असतं ते किट.

डबा वर का ठेवला असं विचारल्यावर मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माझ्याकडून मोडला तो.” आई-बाबांना हे नवीन होतं. पुढच्या भेटीला डबा घेऊन यायला सांगितलं.

आत भिंत दिसली की थांबणाऱ्या छोट्या गाडीचा नेहमीचाच माल होता. प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो ऊनोसारखा बोर्ड, त्याच्या सांगण्यावरून मोटरला करंट देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चाकांच्या दोन पिवळ्या बीओ मोटर, पुढचं फिरतं चाक, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, ठरवलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर म्हणजे एक एसजी९० सर्वो, चाळीसेक जंपर वायरी आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. पावसाच्या दमटपणाने बॅटरीच्या क्लिपवर हिरवट बुरशीसारखा थर आला होता. तो खरवडून नवी बॅटरी लावली आणि गाडी जमिनीवर ठेवली. थोडा वेळ ती बरी चालली. मग चाकं अर्धा फेरा फिरली, बोर्डावरचा दिवा विझला, पुन्हा लागला, चाकं पुन्हा अर्धा फेरा फिरली. मध्येच समोर काही नसताना गाडी गर्रकन वळली. “अशीच करायची,” मुलगी म्हणाली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. गाडी भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर थांबत होती. तिने प्रोग्राममध्ये १५ च्या जागी ३० लिहिलं आणि त्याच संध्याकाळी गाडी बिघडली. म्हणून तो आकडा बदलणं हाच आपला गुन्हा, असं तिने धरलं. बाबांनी पुन्हा १५ केलं तरी गाडी सुधारली नाही. मग तिला वाटलं, आता कायमची मोडली.

मोटरच्या वायरी काढून बोर्ड नुसता यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि सेन्सरपुढे हात धरला. स्क्रीनवर अंतराचे आकडे नीट येत होते. तिचा प्रोग्राम बरोबर होता, ३० सुद्धा बरोबर होतं. कमी पडत होती ती बॅटरी. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी स्मोक अलार्मसारख्या थोडा करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी असते. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. दोन मोटर एकदम ओढू लागल्या की बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. सेन्सरकडून प्रतिध्वनी वेळेत आला नाही तर प्रोग्रामला अंतर ० मिळतं आणि ० म्हणजे भिंत अगदी टेकली असं समजून गाडी वळते. त्यात एल२९८एन स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो. म्हणजे नव्या बॅटरीवर गाडी थोडा वेळ बरी चालते आणि मुलाने काहीतरी बदल करून बघायची हिंमत केली की नेमकी तेव्हाच रुसते. हे दहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? स्वस्त किटमध्ये ही बॅटरी देतात याचा मनापासून राग येतो, कारण तिच्यापायी किती मुलांनी स्वतःला दोष दिला असेल याची कुठे मोजदाद नाही.

उपाय साधा. सहा एए सेलचा होल्डर आणि त्यात रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल. १.२ गुणिले ६, म्हणजे ७.२ व्होल्ट. ड्रायव्हरने खाल्ल्यावरही मोटरला पाचच्या आसपास उरतात. चार रिचार्जेबल सेल घेतले तर ४.८ मधून दोन वजा जाऊन गाडी रांगते, म्हणून सहा. बोर्ड, ड्रायव्हर आणि सेल या तिघांचं ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची (काळी) वायर, एकत्र जोडलेलं हवं. हे राहिलं तर सगळं बरोबर असूनही काही हलत नाही. बाबांनी फोंड्यातून होल्डर आणि सेल आणले. गाडी भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर थांबली, तेव्हा मुलीने पट्टी ठेवून ते मोजलं.

आवडीचा प्रश्न तिथेच मिटला. उरला काकांच्या किटचा.

विटांसारखे तुकडे जोडायचं महागडं किट वाईट नसतं. भाग घट्ट बसतात, वायर उलटी लागत नाही, रचना मोडून दुसरी करायला दहा मिनिटं लागतात. घरात दोन मुलं असतील, किंवा मूल एखाद्या स्पर्धेच्या संघात असेल आणि संघ तेच वापरत असेल, तर पैसे सत्कारणी लागतात. पण त्याचा मेंदू आणि त्याचं ॲप एकाच कंपनीच्या हातात असतं. लेगो माइंडस्टॉर्म्स १९९८ मध्ये आलं आणि २०२२ अखेर बंद झालं. त्याची पेटी कुणी स्वस्तात देऊ केली, तर प्रोग्राम करायचं ॲप आज आपल्या टॅबवर चालतं का, हे पैसे देण्याआधी बघावं लागतं. बाहेरून आणलेल्या किटचं मोटर किंवा चार्जर बिघडलं, तर सुटा भाग इथे मिळतो का, हेही आधीच विचारायला हवं. बीओ मोटर जळली तर शंभर रुपयांच्या आत नवी येते. मूल बेधडक प्रयोग करतं ते अशा मोटरवर. महागड्या मोटरला हात लावताना त्याच्या आधी आईच दचकते.

घरात काहीच नसतं, तर या वयासाठी आमची पहिली पसंती मायक्रोबिट हा मुलांसाठीचा छोटा बोर्ड असती. बोर्डावरच २५ छोटे दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. २०२० पासूनच्या आवृत्तीत स्पीकर आणि माइकही आहे. मेककोड या फुकट वेबसाइटवर स्क्रीनवरचे ब्लॉक जोडून प्रोग्राम होतो आणि तिथे शेजारीच चित्रातला बोर्ड तो चालवून दाखवतो. एक रुपया न घालवता पंधरा दिवस तिथे मुलाला खेळू द्यावं. मूल स्वतःहून तिथे परत जातंय का, यावरून जेवढं कळतं तेवढं डब्यावरच्या ‘वय ८+’ वरून कळत नाही. ‘एकात ५१ रोबोट’ यावरून तर काहीच कळत नाही. ते बहुधा तेच भाग वेगळ्या क्रमाने जोडलेले असतात. डब्यात सुट्या १८६५० लिथियम सेलचा होल्डर असेल, तर लहान मुलासाठी ते किट टाळावं. त्या सेलची टोकं चुकून जुळली तर आग लागू शकते.

इथे ऊनो घरात होताच. नवीन घेण्याऐवजी त्याच बोर्डावर एमब्लॉक या सॉफ्टवेअरमधून ब्लॉकने प्रोग्राम करायचं ठरलं आणि जोडणी आधी टिंकरकॅड या वेबसाइटवर, स्क्रीनवरच, करून बघायची. लॅपटॉपला बोर्ड दिसत नसेल, तर केबल नुसती चार्जिंगची नाही ना हे आधी बघायचं, मग बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचं सॉफ्टवेअर (तेही ‘ड्रायव्हर’च म्हणतात) लॅपटॉपवर आहे का ते. बाबांना एक अट घातली: स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात. मे महिन्यात गाडी त्यांनीच जोडली होती. त्यामुळे बिघडल्यावर कुठून उकलायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. पावसात सेल काढून ठेवायचे, डबा झाकण घट्ट बसणारा घ्यायचा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायच्या.

तुला काय बनवायचंय, हे तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तयार होतं. गणपतीच्या मखरापुढे उंदीर हवा, कुणी दर्शनाला जवळ आलं की मान वर करणारा. सेन्सर आणि सर्वो, दोन्ही डब्यातच होते. काकांना सांगितलं, चार्जर आणि चार एए सेल आण, पुरे.

चवथीनंतर आईचा फोन आला. आदल्या रात्री माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची सजावट) बांधून झाली, तरी उंदीर नुसता थरथरत होता. मुलगी म्हणाली, “सर्वोला बोर्डाकडून करंट पुरत नाही.” तिने सर्वोची लाल वायर बोर्डावरून काढून चार सेलच्या वेगळ्या होल्डरला जोडली. उंदीर साफ थांबला. काका म्हणाला, मोडला वाटतं. तिने त्याला बाजूला सरकायला सांगितलं आणि होल्डरची काळी वायर बोर्डाच्या ग्राउंडला खोचली.