घरातले सगळेच एकदम तापाने पडले तर कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय दोन लहान पोरं, सासूबाई आणि तुम्ही दोघंपण तापात, करणारं कोणीच नाही. आमच्याकडं खानापूरला मागच्या पावसाळ्यात हेच झालतं, म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे स्वयंपाक विसरा. भाताची पेज मीठ घालून एकदाच मोठ्या भांड्यात करा, सगळ्यांना तीच. शेजारच्या काकूंना हाक मारायला लाजू नका, आम्हाला तर त्यांनी दोन दिवस डबा दारात ठेवला, अजून आठवलं की डोळे भरतात.

दुसरं, वही घ्या. कोणाला कधी किती ताप, कोणती गोळी किती वाजता दिली ते लिहा, कारण तापाच्या गुंगीत आपण दिलेलं विसरतो आणि पोराला डबल डोस जातो, हे मी स्वतः करता करता वाचलेय. पॅरासिटामॉलच्या दोन डोसात निदान चार तास पाहिजेत, आणि पोरांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नकोच, रक्तस्राव वाढतो.

जुलाब असतील तर ओआरएस, पाकीट नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

नवराबायकोनं रात्र वाटून घ्या, दोघं एकदम जागू नका. पोराला सहा-आठ तास लघवी नाही, धाप लागतेय, किंवा सासूबाई बरळायला लागल्या तर सकाळची वाट बघू नका, सरळ १०८ लावा.