गाडीचा हॉर्न बदलायचाय: कोणता घ्यावा, आणि जुन्याच वायरीला जोडला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की कारचा मूळचा हॉर्न मिळमिळीत वाजतो, त्या जागी मोठ्या आवाजाची जोडी बसवायची आहे. ती जुन्याच वायरीला जोडावी की रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतो? आणि तसलीच जोडी मोटारसायकलला चालेल का?

माझं ठाम मत आहे की हॉर्नच्या आवाजात हॉर्नपेक्षा वायरिंगचा हात मोठा असतो. म्हणून खरेदीच्या आधी एक तपासणी करा. कुणाला तरी स्टिअरिंगवर बटण दाबून धरायला सांगा आणि हॉर्न वाजत असतानाच त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. लगेच बॅटरीवरही मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक चालतो. पण बॅटरीवर साडेबारा आणि हॉर्नवर साडेदहा दिसले, तर दोष हॉर्नचा नाही, मधल्या वाटेचा आहे. एका मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं. अर्थचा (वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा) स्क्रू वरून घट्ट दिसत होता, सोडवल्यावर लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट-पांढरा थर आणि त्याखाली गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, लग साफ केला, स्क्रू परत आवळून वर थोडं ग्रीस लावलं. तोच जुना हॉर्न खणखणीत वाजायला लागला, नवा घ्यावाच लागला नाही.

असं का होतं, ते हॉर्नच्या पोटात डोकावलं की कळतं. आत एक विद्युतचुंबक आणि पोलादी पडदा असतो. करंट आला की चुंबक पडदा ओढतो, ओढता ओढता आतला पॉइंट (करंट जोडणारा संपर्क) उघडतो, करंट तुटतो आणि पडदा मागे उसळतो. पॉइंट पुन्हा टेकतो, पुन्हा ओढ. हे सेकंदाला चारेकशे वेळा चालतं. व्होल्टेज कमी पडलं की ओढ ढिली पडते आणि आवाज घोगरा होतो. तुम्ही त्याच अशक्त वायरीला दुप्पट करंट खाणारी जोडी लावलीत, तर तीही घोगरीच वाजेल.

आता निवड. डब्यावरच्या डेसिबलच्या आकड्याला, तो किती अंतरावर मोजला हे लिहिलेलं नसेल, तर काडीची किंमत देऊ नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे हॉर्नच्या तोंडाशी मोजलेला आकडा कितीही फुगवता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक २८ मध्ये कारच्या हॉर्नसाठी २ मीटरवर १०५ ते ११८ डेसिबल आणि गाडीत बसवल्यावर ७ मीटरवर जास्तीत जास्त ११२ डेसिबल अशी मर्यादा आहे. त्या चौकटीतला चांगला हॉर्न पुरेसा असतो.

आकारात मुख्य दोन प्रकार: चपटा डिस्क आणि शंखासारखा वळलेला. डिस्कचा आवाज टोकदार असतो, कारण पडद्यासोबत वाजणारी तबकडी २००० हर्ट्झच्या आसपासचे सूर उचलून धरते आणि आपला कान तिथेच तिखट असतो. रहदारीच्या घरघरीतून तो दूरवर पोचतो. शंख गोल, भारदस्त वाजतो, पण जागा जास्त खातो. कुठलाही घ्या, पण हाय आणि लो अशी जोडीच घ्या, म्हणजे एक चारशे-सव्वाचारशे हर्ट्झचा आणि दुसरा पाचशेच्या आसपासचा. दोन सूर एकत्र आले की आवाज भरीव होतो आणि कानाला टोचतही नाही. कॉम्प्रेसरवाला एअर हॉर्न मी सुचवणार नाही. कॉम्प्रेसरला दाब उभा करायला क्षणभर लागतो, आणि समोर अचानक कुणी आलं तर तोच क्षण हवा असतो. गाणी वाजवणारे हॉर्न तर नकोच. वरच्या नियमावलीला एकसारखा, न बदलणारा आवाजच मान्य आहे.

रिले हवाच. जोडी मिळून साधारण ८ ते १२ अँपिअर खाते, आणि मूळची वायर आणि फ्यूज कंपनीने मूळच्या हॉर्नपुरते दिलेले असतात. जोडणी सोपी आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ ला लावा (हे आकडे रिलेच्या पिनांवर छापलेले असतात). जुन्या हॉर्नला एकच वायर असेल तर ती ८६ ला, आणि ८५ वरून बॉडी अर्थ. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० ला, आणि ८७ वरून दोन्ही हॉर्नना. हॉर्नची दुसरी टोकं रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर अर्थ करा. बॅटरीपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज टाका, कारण त्याच्या अलीकडचा वायरीचा तुकडा कुठे घासून उघडा पडला तर त्याला कुणीच वाली नसतो. रिले शक्यतो आतून डायोड किंवा रेझिस्टर असलेला घ्या, म्हणजे कॉइल बंद होताना उठणारा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे जात नाही. डायोडवाला असेल तर ८५-८६ ची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बाजू त्यावरच्या खुणेप्रमाणेच लावा. जुना फ्यूज उडतो म्हणून त्या जागी मोठा टाकणं हा उपाय नाही, त्याने वायर तापते. आणि स्टिअरिंगचं पॅड उघडू नका, तिथे एअरबॅग आहे.

बसवताना ब्रॅकेटकडे लक्ष द्या. हॉर्नबरोबर येणारी ती पातळ स्प्रिंग पोलादाची पट्टी मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. तिच्याऐवजी जाड अँगल वापरून हॉर्न घट्ट जखडला की आवाज दबतो. हॉर्नचं अंग बंपर, ग्रिल, कशालाही टेकता कामा नये. शंखाचं तोंड खाली झुकतं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून पडदा गंजतो. रेडिएटरसमोरच्या आडव्या पट्टीवर बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा धक्का ओळखणारा सेन्सर असतो, त्याच्या बोल्टवर हॉर्न चढवू नका. हॉर्नच्या मागचा रंगाने सील केलेला स्क्रूही फिरवू नका, तो कारखान्यातच जुळवलेला असतो.

मोटारसायकलचं म्हणाल, तर १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या गाडीला डिस्कची छोटी जोडी रिलेसकट चालते. पण तिथली बॅटरी लहान असते, म्हणून दोन्ही मिळून ६-७ अँपिअरच्या आतच ठेवा आणि फ्यूजही १० चाच टाका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाते का आणि पुढचं सस्पेन्शन दबलं की मडगार्ड हॉर्नला लागतो का. काही जुन्या गाड्यांत हॉर्न बॅटरीवर नसून थेट इंजिनच्या एसी करंटवर चालतो. तशा गाडीत आधी बॅटरीवरून डीसी लाइन ओढून घ्यावी लागेल, हॉर्नच्या बटणाची वायरही त्याच लाइनवर आणावी लागेल, आणि हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.